सेमी-ऑटो १२ बोरची सफाई: तेल कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही

ठाणे-नवी मुंबईत सेमी-ऑटो शॉटगन बाळगणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच. एक, नळीला गंज धरला. दोन, बंदूक मध्येच अडकते. पहिलीच्या धास्तीने माणूस दिसेल त्या फटीत तेल सोडतो आणि त्यातूनच दुसरी उभी राहते. दुनाळीला तेल थोडं जास्त झालं तरी निभावतं, कारण तिच्यात काडतूस भरणं-काढणं हाताने होतं. सेमी-ऑटो हेच काम बारातून निघालेल्या गॅसवर किंवा धक्क्यावर करते. तिच्याकडे जोर मोजकाच असतो, आणि तेलात कालवलेली काजळी तोच जोर खाते.

म्हणून हिशेब असा ठेवा. बाहेरच्या पोलादाला तेलाचा पातळ हात कायम हवा. आतल्या सरकत्या भागांना मोजके थेंब पुरतात. बार काढायच्या वेळी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा), फायरिंग पिनचं (काडतुसाच्या बुडावर ठोका देणाऱ्या पिनचं) भोक आणि मॅगझिन ट्यूबचा (पुढची काडतुसं ठेवायच्या, नळीखालच्या नळकांड्याचा) आतला भाग या तीन जागा कोरड्याच हव्यात. एका पूर्ण सफाईला सगळे मिळून दहाएक थेंबांपेक्षा जास्त तेल संपत असेल, तर ते चुकीच्या जागी जातंय.

आधी बंदूक रिकामी

सेमी-ऑटोत काडतूस तीन ठिकाणी असू शकतं: चेंबरमध्ये, मॅगझिन ट्यूबमध्ये आणि या दोहोंच्या मध्ये लिफ्टरवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर. नुसता बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) ओढून चेंबरमधलं काडतूस काढलं आणि बोल्ट सोडला, तर अनेक मॉडेलमध्ये मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं. त्यामुळे शक्य त्या मॉडेलमध्ये आधी मॅगझिन रिकामी करायची, मग चेंबर. बोल्ट मागे अडकवून टॉर्चने आत बघायचं. बघून झाल्यावर करंगळी चेंबरमध्ये घालून खात्री करायची आणि मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) बोटाला लागतो का ते चाचपायचं. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात. सेफ्टीवर विसंबू नका. बहुतेक बंदुकांत ती फक्त चाप अडवते.

फ्लॅटमध्ये नळीचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. सिपोरेक्सची किंवा चार इंची विटांची भिंत बार अडवेल असं गृहीत धरता येत नाही. बाल्कनीतही बसू नका. समोरच्या टॉवरमधून कुणी पाहिलं तर पोलिसांना फोन जाणारच, आणि तो करणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, मुलं बाहेर, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली. सॉल्व्हंटची, म्हणजे काजळी सोडवणाऱ्या द्रवाची, वाफ पेट घेते.

सामान

१२ बोरचा रॉड, कांस्याच्या तारांचा १२ बोर ब्रश, लोकरी मॉप, जुन्या सुती बनियनच्या ७-८ सेंटिमीटरच्या चौकोनी चिंध्या, दोन जुने टूथब्रश, कानातल्या काड्या, लाकडी टूथपिक, पिना ढकलायला पितळी किंवा प्लास्टिकचा पंच, टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे. बंदुकीसाठीचा सॉल्व्हंट, बारीक टोकाच्या बाटलीत बंदुकीचं तेल आणि चोकच्या (नळीच्या तोंडात बसणाऱ्या, छरे आवळणाऱ्या तुकड्याच्या) आट्यांसाठी चिमूटभर ग्रीस. खाली जुनी पांढरी चादर पसरा. वर्तमानपत्रावर काळी पिन पडली की दिसत नाही. जेवणाचं टेबल वापरू नका, कारण काजळीत शिशाचे कण असतात.

खोबरेल किंवा स्वयंपाकाचं कुठलंही तेल लावू नका. हवेशी संयोग होऊन ते चिकट होतं आणि काही महिन्यांनी बोल्ट जागेवरून हलत नाही. शिलाई मशीनचं तेल सरकत्या भागांना अडीनडीला चालतं, पण गंजापासूनचं त्याचं संरक्षण फार टिकत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं. पावसात भिजलेल्या बंदुकीवर ते आधी मारा, पुसा आणि मग खरं तेल लावा. तेवढ्यावर पावसाळा काढू नका. रॉकेलने काजळी सुटते, पण मागे संरक्षण काहीच राहत नाही.

सुटी करताना

तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक समोर ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. साधारण क्रम असा: बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन ट्यूबच्या टोकाची टोपी फिरवून काढा, फोरएंड (नळीखालचा, हाताने धरायचा भाग) पुढे ओढा, मग नळी सरळ पुढे. नळी निघाल्यावर बोल्ट मोकळा सोडू नका. तो खाडकन पुढे येऊन हँडल रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागाच्या) खाचेच्या कडेवर आदळतं आणि कड चेपते. हँडल हातात घट्ट धरून बोल्ट हळूहळू पुढे आणा. मग हँडल खेचून काढा आणि बोल्ट पुढून बाहेर घ्या.

ट्रिगर ग्रुप (चाप आणि फायरिंग पिनवर आपटणारा हॅमर यांचा जोड) एका किंवा दोन पिनांवर असतो. हॅमर चढवलेला असू द्या, सेफ्टी लावा, पिना पंचने ढकला आणि ग्रुप थोडा पुढे-मागे हलवत उतरवा. बाहेर काढलेल्या ग्रुपचा चाप गंमत म्हणूनही ओढू नका. समोर बोल्ट नसताना हॅमर आपटला तर भाग मोडू शकतो, आणि मध्ये आलेलं बोट वाचत नाही. हॅमर उतरवायचाच असेल तर अंगठ्याने धरून हळू उतरवा. याहून आत जाऊ नका. सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा भाग), चापाचे स्क्रू, आतल्या स्प्रिंगा हे परवानाधारक गनस्मिथचं काम. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीचाही उल्लेख आहे, त्यामुळे ओळखीच्या फिटरकडे बंदूक टाकणं म्हणजे त्यालाही अडचणीत आणणं.

नळी

नळी चेंबरच्या बाजूने साफ करायची, म्हणजे घाण तोंडाकडून बाहेर पडते. सॉल्व्हंटची ओली चिंधी दोनदा आरपार, मग दहा मिनिटं थांबा. नंतर कांस्याचा ब्रश दहा-बारा फेऱ्या, प्रत्येक वेळी पूर्ण आरपार. मध्येच उलट ओढला तर तारा वाकतात. मग कोऱ्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत.

आरशासारखी चमकली म्हणजे नळी साफ झाली असं नाही. टॉर्च एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाने, थोडं तिरकं बघा. चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे, आणि पुढे चोकच्या अलीकडे, राखाडी पट्टे दिसतात. हे वॅडचं (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मध्ये असणाऱ्या तुकड्याचं) वितळलेलं प्लास्टिक आणि शिसं. नुसत्या चिंधीने ते चकचकीत होतं, निघत नाही. तेवढ्या भागाला पुन्हा सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि ब्रश तिथेच फिरवा.

चेंबरला वेगळा वेळ द्या. आपल्या दमट हवेत सगळ्यात आधी गंज धरणारी आतली जागा हीच, आणि सेमी-ऑटोत तिचा त्रासही लगेच जाणवतो. काडतुसाची टोपण, म्हणजे त्याचं बाहेरचं नळकांडं, बार होताना फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. भिंत गुळगुळीत असेल तर सुटते. गंजाचे बारीक खड्डे असतील तर टोपण धरून ठेवली जाते आणि एक्स्ट्रॅक्टर (टोपण ओढून काढणारं बोल्टचं नख) तिची कड सोडून देतो किंवा फाडतो. चेंबर घासून झालं की पूर्ण कोरडं करा. ठेवणीसाठी तेलाची पातळ फिल्म चालेल, पण बार काढण्यापूर्वी ती पुसलीच पाहिजे. तेलकट चेंबरमध्ये टोपणीची भिंतीवरची पकड सुटते आणि मागचा सगळा दाब बोल्टवर येतो.

स्क्रूचे चोक दर वेळी काढा. आटे टूथब्रशने साफ करून नखाएवढं ग्रीस लावा आणि चोक पूर्ण बसवा. पावसाळाभर नळीतच राहिलेला चोक पुढे पान्यालाही दाद देत नाही. सैल चोकवर किंवा चोकशिवाय बार काढला तर नळीचे आटे कायमचे जातात, म्हणून रेंजवर दर २५ काडतुसांनंतर बोटाने तपासा. अर्थात बोल्ट उघडा आणि बंदूक रिकामी असताना.

गॅसवर चालणारी असेल तर

सगळ्यात जास्त मेहनत इथे. नळीच्या खालच्या कड्यात एक किंवा दोन बारीक भोकं असतात. बार झाला की थोडा गॅस तिथून पिस्टनवर येतो आणि तो बोल्टला मागे ढकलतो. त्या गॅसबरोबर येणारी काजळी पिस्टनवर, कड्याच्या आतल्या भिंतीवर आणि मॅगझिन ट्यूबच्या बाहेरच्या अंगावर बसते. पहिल्या शंभरेक काडतुसांची काजळी चिंधीने निघते. ती तशीच ठेवून वर पुन्हा बार काढले, की कढईच्या बुडाला जळलेल्या तेलासारखा टणक थर तयार होतो.

पिस्टन आणि कड्या सॉल्व्हंटमध्ये अर्धा तास भिजवा, मग टूथब्रश; हट्टी थराला पितळी ब्रश. पॉलिश पेपर, कानस, चाकू नको. पिस्टनची माप-जोड बारीक असते, ती बिघडली की गॅस बाजूने निसटतो. गॅसची भोकं लाकडी टूथपिकने मोकळी करा. ड्रिलचं पातं किंवा सुई घालू नका, कारण भोक थोडं जरी मोठं झालं तरी बोल्ट प्रमाणाबाहेर जोरात मागे येतो.

रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत ट्यूबवर एक रबरी ओ-रिंग असते. ती तडकलेली किंवा चपटी झाली असेल तर बदला. ती नसताना गॅस गळतो आणि बंदूक एकेक काडतुसावर थांबते. याच मॉडेलमध्ये पिस्टन आणि त्याची सील कडी कोणत्या तोंडाने बसते याला महत्त्व आहे. 'साफ केल्यापासून चालत नाही' असं ऐकलं की पहिली शंका इथे घ्या: कडी उलटी गेली असेल.

आणि मग तेल? ट्यूबवर तेलाची चिंधी फिरवा आणि लगेच कोरड्या चिंधीने पुसून टाका. बोटाला निसरडं लागलं तर अजून जास्त आहे. पिस्टनवर थेंब सोडला तर तो पहिल्याच फेरीत जळून काजळीचं खत होतो.

इनर्शियावर (धक्क्यावर) चालणारी असेल तर

बेनेली एम२ सारख्या बंदुकीत गॅस पिस्टन नसतो, त्यामुळे फोरएंडखालचा भाग फक्त पुसला तरी चालतो. इथली नाजूक जागा बोल्टचं फिरतं डोकं. ते फिरून नळीच्या मागच्या भागातल्या खोबणीत अडकतं. त्या खोबणीत ग्रीस, प्लास्टिकचा कण किंवा दाणा असला, तर बोल्ट बंद झाल्यासारखा दिसतो पण डोकं पूर्ण फिरत नाही. चाप ओढला की 'टिक' असा आवाज येतो, बार होत नाही. खोबण कानातल्या काडीने कोरून काढा. नळी लावलेली असताना बोल्ट बंद करायचा तर हाताने हळू नेऊ नका, मागून सोडून द्या. डोक्याच्या फिरत्या पिनला एक थेंब पुरे.

या प्रकारच्या कित्येक बंदुकांत, आणि रेमिंग्टन ११०० मध्येही, बोल्ट परत ढकलणारी स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून विसरली जाते. बंदूक तोंड वर करून कपाटात उभी असते, रिसीव्हरमधलं जादा तेल ओघळून त्या नळीत उतरतं, काजळीशी मिसळून घट्ट होतं. पावसाचं पाणी गेलं तर गंज. बोल्ट आळसावल्यासारखा बंद होऊ लागला की ही स्प्रिंग आठवा. वर्षातून एकदा गनस्मिथकडून ती काढून साफ करून घ्या. तेल लावलेली बंदूक पहिला दिवस-रात्र तोंड खाली, चिंधीच्या घडीवर उभी ठेवली तर हा त्रास बराच टळतो आणि लाकडी दस्त्याच्या मुळाशी तेल मुरून लाकूड मऊही पडत नाही.

जुन्या घरांत क्वचित ब्राउनिंग ऑटो-५ सापडते. तिची संपूर्ण नळी मागे येते आणि मॅगझिन ट्यूबवरच्या घर्षणाच्या कड्या तिला आवरतात. तिथे तेल जास्त झालं तर कड्या पकड सोडतात, धक्का वाढतो आणि फोरएंडचं लाकूड तडकतं. कड्यांचा क्रम काडतुसाच्या जोरावर ठरतो, त्यामुळे काढण्याआधी फोटो घेतलाच पाहिजे.

बोल्ट, ट्रिगर ग्रुप, मॅगझिन

बोल्टचं तोंड टॉर्चखाली धरा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काळी चकती साचलेली असते. नखाला खाली यायला जागाच उरत नाही आणि काडतुसाची कड निसटते. टूथपिक आणि सॉल्व्हंटने ती उचला आणि नख दाबून सोडल्यावर झटकन परत येतं का बघा. फायरिंग पिनच्या भोकात सॉल्व्हंटचे दोन-तीन थेंब सोडा, तोंड खाली करून निथळू द्या, वाळवा. तेल नको. तिथे तेल गेलं की काजळीचा चिखल होतो, पिन मंदावते आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर (प्रायमरवर) नुसता हलका ठसा उमटतो. बोल्टच्या दोन्ही बाजू ज्या खाचांत सरकतात तिथे एकेक थेंब, बोटाने पसरून. ॲक्शन बारला (जोर बोल्टपर्यंत नेणाऱ्या पट्टीला) तेवढंच.

ट्रिगर ग्रुपवर स्प्रे मारू नका. टूथब्रशने कोरडी घाण झटका, थोडा सॉल्व्हंट, नीट वाळवणं, हॅमरच्या पिनला अर्धा थेंब. मॅगझिन ट्यूबच्या आत कोरडी चिंधी आरपार फिरवा, स्प्रिंग पुसा, एवढंच. तिथलं तेल काडतुसांना लागतं आणि तिथून थेट चेंबरमध्ये जातं.

लाकडी दस्त्याला वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा. हे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात बुडवून टाका.

जोडून झाल्यावर नकली काडतुसांनी तपासा: काडतूस मॅगझिनमधून वर येतं का, बाहेर फेकलं जातं का, शेवटच्यानंतर बोल्ट मागे थांबतो का, सेफ्टी चाप अडवते का. घरात खरी काडतुसं या कामाला कधीच नाहीत. मग हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा.

एवढं करूनही रिकामी टोपण बाहेर पडत नसेल तर काडतुसाकडे बघा. ट्रॅप-स्कीटच्या (उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या) २४ ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसांत काही बंदुकांना, विशेषतः जोरदार काडतुसांसाठी कडक स्प्रिंग दिलेल्या नव्या बंदुकांना, पुरेसा जोरच मिळत नाही. २८ किंवा ३२ ग्रॅमवर तीच बंदूक सुरळीत चालली, तर दोष सफाईचा नाही.

किती वेळा, आणि पावसाळ्यात काय

बार काढलेल्या दिवशीच नळी, चेंबर आणि बाहेरचं अंग साफ करा, कितीही उशीर झाला तरी. गॅसची यंत्रणा दर २५०-३०० काडतुसांनी, इनर्शियाची ५०० ला एकदा. ट्रिगर ग्रुप वर्षातून दोनदा: मे संपता संपता आणि पाऊस ओसरल्यावर.

जून ते सप्टेंबर बंदूक वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. ऐरोली, वाशी, बेलापूरच्या खाडीकाठच्या घरांत हवेत मीठही असतं, तिथे आठवडाही लांबवू नका. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तपकिरी उमटतात. फोमच्या केसमध्ये किंवा चामडी खोळीत बंदूक ठेवून देऊ नका. ओल आतच कोंडते. कुलूपबंद लोखंडी कपाटात २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास वाळवा. एसी गाडीतून दमट रेंजवर उतरलात तर केस उघडण्याआधी अर्धा तास थांबा, नाहीतर थंड पोलादावर दव धरतं. उलट दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर स्पर्धेला जाताना इथलं पावसाळी तेल पुसून जा. तिथली कोरडी धूळ त्या तेलात बसून पॉलिश पेपरचं काम करते.

तांबूस डाग दिसला तर चार शून्यांचं सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. सिरीयल नंबरच्या आसपास मात्र घासू नका. पुसट झालेला नंबर परवान्याशी जुळवताना पुढे जड जातो.

दसऱ्याच्या शस्त्रपूजनात हळदकुंकू, ओला झेंडू आणि पाण्याचा शिडकावा नळीवर आणि रिसीव्हरवर पडतो. पारंपरिक कुंकवात चुना असतो, तो ओल धरून ठेवतो आणि त्याची पूड बोल्टच्या खाचांत जाते. पूजा मनोभावे करा, पण बोल्ट बंद ठेवून, खाली कापड घेऊन. कुंकू दस्त्याच्या रबरी टाचेला लावा आणि त्याच संध्याकाळी बंदूक कोरड्या, मग तेलाच्या चिंधीने पुसा.

निवडणुकीत बंदूक जमा करताना

आचारसंहितेत पोलिसांकडून नोटीस आली की बंदूक ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. तिथे आठवडेच्या आठवडे तिला कुणी तेलाचा हात लावणार नाही, म्हणून जमा करायची सफाई वेगळी असते. नळीत आणि चेंबरमध्ये नेहमीपेक्षा जाड फिल्म, बाहेर सगळीकडे तेल, चोकला ताजं ग्रीस, लाकूड कोरडं. खोळ द्यायचीच असेल तर हवा खेळेल अशी सुती द्या. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबू नका: आत ओल धरते, आणि विसरून बार काढला तर नळी फुटते. पावतीवर सिरीयल नंबर तपासून घ्या आणि देण्याआधी बंदुकीचे फोटो काढून ठेवा.

परत मिळाल्यावर घरी आणून आधी ती रिकामी असल्याची खात्री करा, नळी उतरवा आणि टॉर्चने आरपार बघा. कोळ्याचं जाळं किंवा मातीचं घर असलं तर तेव्हाच दिसतं. जाड तेल पूर्ण काढा, चेंबर कोरडं करा, नकली काडतुसांची फेरी घ्या आणि मगच रेंजवर न्या.